तणशाची झोप

आठ वर्षं तणशा बाहेरच निजला.
त्याच्या जागा आम्हाला पाठ:
पौषात न्हाणीच्या चुलीतली कोमट राख,
वैशाखात रांजणाखालचा ओला खड्डा, त्यानंच उकरलेला,
धान चुरून झालं की खळ्यावरची तणस,
जिच्यात तो असा मिसळून जायचा
की प्रणोती एकदा त्याच्यावरच बसली.
निजण्याआधी तीन गिरक्या, कधी चार,
आणि झोप कितीही गाढ असो
डावा कान उभा.

मग मोहा गेली.
त्याची बहीण, एकाच वेतातली,
अंगणात मोहफुलं वाळत होती तेव्हा आणलेली.
पहाटे दारापासून बांधीच्या धुऱ्यापर्यंत
धुळीत ओढल्याची एक रेघ
आणि पट्टा.
बक्कल लागलेलंच.

गार्ड मेश्राम बुटाच्या टोकानं पंजा दाखवत म्हणाला,
"बिबट आहे जी. कुत्रं आत घ्या आता."

आत घ्या म्हणणं सोपं.
पहिल्या रात्री त्यानं दाराची फळी ओरबाडली,
दुसऱ्या रात्री तांदळाच्या कट्ट्यावर मुतला,
तिसऱ्या रात्री गप्प पडून राहिला,
नाक उंबऱ्याच्या फटीला,
ते जास्त वाईट.
चौथ्या रात्री ह्यांचा पाय लागला झोपेत
तर पिंडरीवर चार लाल ठिपके.
सुई दोघांनाही टोचली,
एकाला जनावरांच्या दवाखान्यात, एकाला माणसांच्या.

उईके डॉक्टरीणबाईंनी त्याचा ओठ वर केला.
"हिरड्या पांढऱ्या पडल्या. गोचिडाचा ताप.
एकवीस दिवस गोळ्या.
निजलेल्याला हात लावू नका, लांबून नाव घ्या.
आणि गाढ झोपला की श्वास मोजा,
छाती वर गेली, खाली आली, एक.
मिनिटाला तीसच्या वर गेले
तर फोन करा, कितीही वाजू द्या."

गोळी भाताच्या मुटक्यात, मुटक्यात सुकट.
सुकट खाऊन गोळी तेवढी थुंकायला
तो चार दिवसांत शिकला.
मी सुकट कुटून गोळीलाच चोळायला पाचव्या दिवशी शिकले.
गोचिड चिमट्यानं, रॉकेलच्या डबीत.
कानातले सगळ्यात चिवट.

मी पेंढ्या मोजल्या आहेत,
रोवण्याला आलेल्या बाया मोजल्या आहेत,
श्वास कुणाचा मोजला नव्हता.
मोबाइलचा उजेड पदराखाली धरून बसले.
अठ्ठावीस.
मध्येच ह्यांचं घोरणं शिरलं, आकडा गेला.
पुन्हा.
सत्तावीस, बहुतेक.

झोपेत तो पळतो.
सारवणावर नखं वाजतात,
भुंकणं येतं ते तळ्याच्या तळातून आल्यासारखं.
प्रणोती म्हणते, "मोहाले शोधून रायला."
हे म्हणतात, "गॅस झाला असन."
मी लांबून हळूच, "तणशा."
पाय थांबतात. शेपटी
एकदाच हलते, डोळे न उघडता.

कधी गावातली सगळी कुत्री एकदम भुंकतात
आणि एकदम थांबतात.
ते थांबलं की
आम्ही तिघं आढ्याकडं बघत पडतो.

सतराव्या रात्री त्यानं
गोणपाटावर तीन गिरक्या घेतल्या
आणि तो उताणा झाला.
मागचे पाय कसेही फेकलेले,
दोन्ही कान जमिनीला.
आठ वर्षांत त्याचं पोट मी असं पाहिलं नव्हतं.
तिथं एक जुना वण होता, लांबट,
कशाचा कोण जाणे.
कधी झाला, कधी भरला,
घरात कुणालाच माहीत नाही.

"किती?" अंधारातून हे.
"थांबा ना बापा, मोजून रायली."
बांधीकडं वाळक्या पानांवरून काहीतरी गेलं,
हळू, पाय टाकून, पुन्हा टाकून.
तणशा हलला नाही.

"बावीस."
ते कुशीवर वळले, लगेच घोरायला लागले.
मी उजेड विझवला, पडले
उजव्या कुशीवर.
डावा कान वर.